रानडुक्कर (नर), पद एक

माझा धाकटा भाऊ वर्षभर सरकारी रानडुक्कर होता आणि चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर लोक तोंडाला येईल ते बोलले. त्यातल्या एकाने तरी अर्धा दिवस गुडघ्यावर बसून ती जमीन उकरून दाखवावी आणि मग बोलावं.

आम्ही त्याला बारक्या म्हणतो. वय अडतीस, उंची सहा फूट, आमच्या दारातून वाकून आत येतो, पण घरातलं शेंडेफळ, म्हणून बारक्या तो बारक्याच. मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरला लोकांची तोंडं बघावी लागतात. माझ्याकडे नुसते प्लास्टरचे साचे येतात. साचे उलटून बोलत नाहीत, त्यामुळे माझं बरं चालतं. माझा स्वभाव तापट आहे असं म्हणतात. असेल.

बारक्या जंगल पुनरुज्जीवन कार्यालयात अकरा वर्षं हंगामी होता. हंगामी म्हणजे दर सोमवारी नवी चिठ्ठी, बसायला पाठ नसलेलं स्टूल आणि खुंटी नाही. त्या कार्यालयात शिरलं की डाव्या हाताला भिंतभर लाकडी खुंट्या आहेत. प्रत्येकीखाली पितळी पट्टी, पट्टीवर पदाचं नाव. कायम माणूस आला की आपल्या खुंटीवर कोट अडकवतो आणि मग रुबाबात आत जातो. हंगामी माणसाचा कोट खिडकीच्या कडीला. कुणाला वारा लागला की तो उठणार, कोट खाली टाकणार, खिडकी लावणार. संध्याकाळी बारक्या घरी आला की मी त्या कोटाच्या पाठीवरची धूळ झटकायचे. अकरा वर्षं झटकली. त्याचं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं आणि दोन्ही वेळा समोरून एकच प्रश्न आला होता, कायम कधी होणार. मला त्याच्यासाठी बंगला-गाडी काही नको होतं. त्याला एक खुंटी मिळावी, एवढंच मनात होतं.

आता जंगलाचं सांगते. वस्तीच्या मागे जंगल आहे, म्हणजे झाडं आहेत. सगळी म्हातारी. चाळीस वर्षांपूर्वी तिथलं शेवटचं रानडुक्कर मारलं गेलं आणि तेव्हापासून ती जमीन कुणी उकरलीच नाही. वर वाळक्या गवताची जाड गादी, खाली फरशीसारखी माती. बिया पडायच्या, गादीवर लोळायच्या आणि वाळून जायच्या. इतक्या झाडांत एक लेकरू नाही. तज्ज्ञ येऊन गेले. त्यांनी लिहिलं की रानडुकरं परत आणा, ती नाकाने माती उकरतील, बिया आत जातील, रोपं उगवतील. अहवाल बरोबर होता. पण कार्यालयाकडे जनावर मागवायचा फॉर्मच नव्हता. होता तो नवीन पद निर्माण करायचा. मग त्यांनी तोच भरून पाठवला.

वरून मंजुरी आली: रानडुक्कर (नर), पद एक. रानडुक्कर (मादी), पदं पाच. नियमाप्रमाणे भिंतीवर सहा नव्या खुंट्या ठोकल्या, पट्ट्यांसकट. आणि दोन वर्षं त्या मोकळ्या राहिल्या, कारण जिथे ही डुकरं वाढवत होते त्या केंद्राकडून दर महिन्याला 'लवकरच' एवढंच उत्तर यायचं. बारक्या रोज त्या सहा मोकळ्या खुंट्यांसमोरून जायचा आणि कोट खिडकीला लावायचा.

कार्यालयात नेमणुकांचं काम बघणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे परिपत्रक म्हणतात, तोंडावरसुद्धा. माणूस वाईट नाही, पण शिंक आली तरी आधी नियम शोधतील. त्यांनीच एक दिवस बारक्याला बाजूला घेतलं.

"हंगामी माणसाने मंजूर आणि रिक्त पदावर सलग एक वर्ष काम केलं, तर तो त्या पदावर कायम होतो," ते म्हणाले. "आपल्याकडे मंजूर आणि रिक्त पदं सहाच आहेत. त्यातली पाच तुम्हाला चालायची नाहीत."

बारक्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझ्या हातात कुणाचातरी वरचा जबडा होता.

"डुकराच्या जागेवर?" मी म्हटलं.

"ताई, खुंटी आहे," तो म्हणाला.

मी जबडा खाली ठेवला.

नेमणुकीआधी तपासणी झाली. पद डुकराचं, म्हणून गुरांच्या डॉक्टरकडे. त्यांनी बारक्याचा चष्मा काढून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. त्याला एकही वाचता आलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं, 'दृष्टी मंद. पदास अनुरूप.' आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चष्मा त्याच्या कामी आला.

काम असं: रोज चाळीस चौरस मीटर जमीन उकरायची आणि रोजनिशी लिहायची. पहिल्या आठवड्यात त्याची सगळी नखं तुटली. का, तर रानडुकराच्या पदाला अवजार मंजूर नाही! कुदळ नाही, खुरपंही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अॅप्रनवर प्लास्टर तसंच घेऊन कार्यालयात गेले.

"अवजार देता येणार नाही," परिपत्रक म्हणाले. "शरीराचा भाग असेल तर हरकत नाही."

"कवळी शरीराचा भाग असते का?"

त्यांनी तीन पुस्तकं चाळली. "असते."

"झोपताना काढून पेल्यात ठेवतात, तरी?"

"तरी."

मग मी घरी येऊन दोन सुळे बनवले. कवळीच्याच साहित्याचे, गुलाबी हिरडीसकट, एकेक वीतभर, मनगटाला पट्ट्याने बांधायचे. कवळी कुठे बसवावी याबद्दल नियमात काही म्हटलेलं नव्हतं. मी वीस वर्षांत बनवलेल्या कवळ्यांत तितकी घट्ट एकही बसली नसेल.

बारक्या कामाला लागला. रविवारीही, कारण रानडुकराला साप्ताहिक सुट्टी नसते. ताप आला तेव्हा त्याला गुरांच्या डॉक्टरनेच औषध दिलं, तीनशे किलोच्या हिशोबाचं, आणि तो दोन दिवस जंगलातच हसत पडून होता. रोजनिशी साहेब स्वतः वाचायचे. साहेब म्हणजे भला माणूस, जंगलाच्या कळवळ्याचा, पण जंगलात मुंग्या असतात म्हणून तिकडे न जाणारा. रोजनिशीत एक रकाना होता, 'आज काय खाल्लं.' बारक्याने खरं लिहिलं: डब्यातलं उकडलेलं अंडं, पाव, एक काकडी. साहेबांनी लाल शाईने शेरा मारला: 'अंडे चालेल. पाव सापडला असे समजू. काकडी धुतलेली होती काय?'

परिपत्रकांनी त्याला समजावलं. रानडुक्कर धुतलेलं खात नाही. धुतलेलं खाल्लं की तो दिवस पदाला धरला जात नाही. आणि वर्ष सलग हवं.

बारक्या घाबरून घरी आला. "ताई, काकडी धुवायची नाही हं. एकही दिवस नाही."

"बरं," मी म्हटलं.

तेव्हापासून रोजनिशीत रोज एक ओळ असायची, 'काकडी, न धुता.' आणि शेजारी साहेबांचा लाल 'उत्कृष्ट'.

मला वाटलं होतं महिन्याभरात कंटाळेल. बारक्या कशातच टिकलेला नव्हता. शाळेत नाही, चित्रकलेत नाही, माझ्याकडे प्लास्टर कालवायला ठेवला तर गुठळ्या. पण हे त्याला जमलं. त्याला कळायला लागलं की कुठल्या झाडाखाली किती खोल जायचं, कुठे गादी नुसती उलटायची, कुठे माती सैल करून सोडून द्यायची. जेवताना बोलायला लागला. अकरा वर्षांत तो जेवताना 'मीठ दे' सोडून काही बोलला असेल तर मला आठवत नाही, आणि आता तोंडाचा पट्टा थांबेना. थंडी सरल्यावर एका दुपारी तो माझ्या कामाच्या खोलीत आला, सुळे काढायचंही भान नाही, आणि म्हणाला, "चल."

मी गेले. त्याने एका ठिकाणी मला बसवलं आणि दाखवलं. दोन पानांचं रोप, माझ्या करंगळीएवढं. त्याच्याभोवती त्याने सात दगड मांडले होते.

"चाळीस वर्षांतलं पहिलं आहे," तो म्हणाला. "माझ्यामुळे आलंय, ताई."

मला रडू आलं. मी त्याला म्हटलं, डोळ्यात माती गेली.

वर्ष भरत आलं तेव्हा रोपं चारशे बारा झाली होती. त्याला सगळ्यांच्या जागा पाठ होत्या. नेमणुकीचा दिवस पंधरा तारीख. दहा तारखेला प्रजनन केंद्राचं पत्र आलं: केंद्र बंद होत आहे, सहाही रानडुकरं तयार आहेत, चौदा तारखेला पोचतील.

तीन वर्षं 'लवकरच' म्हणणाऱ्यांना मुहूर्त सापडला तो आमच्या आदल्या दिवशीचा. नर चौदाला आला की पद भरलं, आणि बारक्या पंधराला पुन्हा स्टुलावर. मी अॅप्रनही न काढता कार्यालयात गेले आणि काय काय बोलले ते इथे सांगत नाही. साहेब टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. शेवटी परिपत्रकांनीच मार्ग काढला. त्यांनी केंद्राला कळवलं: 'नराचे पद भरलेले आहे. फक्त पाच माद्या पाठवाव्यात.' मी त्यांना धन्यवाद दिले. त्याआधी कधी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे तेही जरा दचकले.

चौदाला जाळीची गाडी आली. पाच माद्या उतरल्या, अंगावर राखाडी राठ केस, नाकं जमिनीला लावूनच. बारक्याने रात्रभर उकरून ठेवलेल्या ताज्या पट्ट्याकडे त्या सरळ गेल्या. बारक्याचं तोंड आनंदाने उघडंच राहिलं होतं. तो ड्रायव्हरला म्हणाला, "सगळ्या बऱ्या आहेत ना?"

"या बऱ्या आहेत," ड्रायव्हर म्हणाला. "मागे राहिलाय तो बरा नाही. चार वर्षं यांच्याबरोबर होता. गाडीचं दार लागलं तसा कुंपणाला धडका मारत सुटला. निघालो तेव्हाही मारतच होता."

"त्याचं काय करणार आता?"

"केंद्र बंद. उद्या संध्याकाळी उरलेलं सामान निर्लेखित करणार. खुर्च्या, कपाटं, तो."

"निर्लेखित म्हणजे?"

ड्रायव्हरने बूट झाडले आणि म्हणाला, "मी उद्या अकराला परत निघतोय. कुणाला काही निरोप द्यायचा असेल तर तोपर्यंत."

त्या संध्याकाळी बारक्या जेवताना 'मीठ दे' एवढंच म्हणाला. मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

पंधराला साडेदहा वाजता आम्ही साहेबांच्या खोलीत होतो. नेमणुकीचा आदेश टेबलावर, शिक्क्यासकट. परिपत्रकांनी त्याला सकाळीच खुंटी वापरायची मुभा दिली होती, नियमाच्या अर्धा तास आधी, आणि त्यांच्या मानाने ही दंगलच होती. बारक्याने पेन उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाला, "मला हे पद सोडायचंय. त्याला आणा."

साहेब उभे राहिले आणि परत बसले.

"सातवं पद मागा ना मग!" मी ओरडले.

"मंजुरीला दोन वर्षं," परिपत्रक म्हणाले. "आणि पदाशिवाय प्राणी उतरवून घेता येत नाही."

"मग मी राजीनामा देतो," बारक्या म्हणाला.

"कायम झाल्यावर दिलात तर तीन महिन्यांची नोटीस लागते. आत्ता देता येत नाही. हंगामी माणसाकडे सोडण्यासारखं काही नसतं." त्यांनी पान उलटलं. "पद तत्काळ रिकामं होतं ते दोनच कारणांनी. मृत्यू किंवा अपात्रता."

बारक्या पहिल्या शब्दावर जरा जास्तच वेळ विचार करतोय असं वाटून मी त्याच्या पायावर पाय दिला.

"अपात्रता म्हणजे कशी?" त्याने विचारलं.

"तुम्ही रानडुक्कर नाही, हे सिद्ध व्हावं लागेल."

साहेबांनी फाइल ओढली आणि पानं उलटत गेले. तीनशे पासष्ट दिवस, पानोपानी लाल 'उत्कृष्ट'. "हे कसं सिद्ध होणार?" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. "माझ्या सगळ्या नोकरीत इतकं चांगलं रानडुक्कर मी पाहिलेलं नाही."

"जवळच्या नातेवाइकाने लेखी द्यावं," परिपत्रक म्हणाले. "सबळ कारणासह."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी खोलीबाहेर गेले. मला भयंकर राग आला होता. अकरा वर्षं मी ज्याच्यासाठी झुरले ते टेबलावर शिक्का मारून तयार होतं, आणि हा शहाणा ते एका डुकरासाठी सोडायला निघाला होता, आणि वर सही माझी हवी! समोर भिंतीवर त्याचा कोट होता. 'रानडुक्कर (नर)' या पट्टीच्या वर, नीट, खांद्याला धरून अडकवलेला. मी सवयीने त्याच्या पाठीवर हात फिरवला. धूळ नव्हती.

बारक्या मागून आला.

"ताई," तो म्हणाला, "तिकडे मागे राहिलाय तो खिडकीच्या कडीला आहे गं."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर भांडले असते. मी आत गेले, परिपत्रकांच्या हातातून कागद घेतला आणि लिहिलं: 'हा माझा धाकटा भाऊ आहे. हा माणूस आहे.' आणि सही केली. घड्याळात अकराला दहा कमी होते. बाहेर ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता.

"कारण?" परिपत्रकांनी विचारलं. "कारणाशिवाय चालणार नाही. वर्षभराच्या नोंदींविरुद्ध काहीतरी हवं."

काय लिहावं? तो बोलतो, हे त्यांना वर्षभर माहीत होतं. चष्मा लावतो, बूट घालतो, सही करतो, यातल्या कशानेच आजवर त्यांचं काही अडलं नव्हतं. मग मी खाली आणखी एक ओळ लिहिली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

'वर्षभर मी काकडी धुऊनच डब्यात देत होते.'

परिपत्रकांचा चेहरा पांढरा पडला. "वर्षभर?"

"रोज."

"एकही दिवस न धुता नाही?"

"असं कसं देईन?" मी म्हटलं. "भाऊ आहे माझा."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. परिपत्रकांनी पट्टी आणि लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून 'उत्कृष्ट'वर रेघा मारायला सुरुवात केली. एक एक करून, कुठेही न चुकता. वर्ष गेलं तसं नोकरीही गेली. पाच कमी असताना केंद्राला द्यायचं पत्र टाइप झालं आणि अकराला ते ड्रायव्हरच्या हातात होतं. बारक्या कुणी न सांगता खुंटीकडे गेला, कोट काढला, आणि खिडकीच्या कडीला लावून आला.

घरी जाताना मी त्याच्या पुढे पुढे चालत होते. अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला, "रोज धुत होतीस?"

"मग काय."

"मला वाटत होतं, माझं तेवढं तरी नियमाप्रमाणे चाललंय," तो म्हणाला आणि हसायला लागला. मी हसले नाही. मला अजून राग होता. अजूनही आहे.

सोळाला सकाळी नर आला. बारक्याला पुन्हा हंगामी चिठ्ठी मिळाली होती, काम: रोपं मोजणे. मीही गेले होते, का ते मला विचारू नका. जनावर मोठं होतं, कपाळाचं कातडं धडकांनी सोललेलं. फळी खाली पडली तरी ते गाडीतच उभं राहिलं. मग झाडांमागून माद्यांचा आवाज आला, आणि ते असं सुटलं की ड्रायव्हरच फळीवरून पडला. पाचही जणी धावत आल्या. नाकं लावून झाली, ढुशा देऊन झाल्या. मग नर बाजूला झाला, हवा हुंगली, आणि तरातरा चालत त्या सात दगडांपाशी गेला. दोन दगड नाकाने उडवले, चाळीस वर्षांतलं पहिलं रोप मुळासकट उपटलं, आणि खाऊन टाकलं.

बारक्याच्या तोंडाकडे पाहायचं मला धाडस होईना. त्याने खिशातून रोजनिशी काढली. हात अजून सरावलेला होता. लिहिलं: 'सव्वानऊ वाजता नर हजर झाला. रोपे चारशे अकरा.'

मग तो उकरलेल्या मातीत बसला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पिशवीतून काकडी काढून दिली.

"धुतलीय?" त्याने विचारलं.

"खा गुपचूप," मी म्हटलं.